लोकगीतांचा पहिला अल्बम कसा करायचा: एक माइक, चार गोधड्या, एक जातं

गावातल्या बायकांच्या ओव्यांचा अल्बम आम्ही केला त्याला आता दोन वर्षं होतील, आणि तेव्हापासून दर महिन्याला कोणीतरी फोन करून तेच विचारतं. माइक कुठला, खर्च किती, स्पॉटिफायवर कसं चढवायचं, कॉपीराइटचं काय. म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं. आधीच सांगतो, मी साउंड इंजिनियर नाही, नोकरी भलतीच आहे. जे कळलं ते चुका करून कळलं आणि त्यातल्या निम्म्या चुका तरी तुमच्या वाचाव्यात.

आमचं गाव माण तालुक्यात. गाणाऱ्या सहा जणी. माझी आत्या, दोन चुलत्या, शेजारच्या दोन काकू आणि वरच्या आळीतल्या एक आजी ज्यांचं वय कोणालाच माहीत नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

पहिली चूक: स्टुडिओ

मला वाटलं अल्बम म्हणजे स्टुडिओ. मग तिघींना गाडीत घातलं आणि पुण्याला नेलं. एसी लावलेली खोली, काचेच्या पलीकडं इंजिनियर, कानाला हेडफोन, आणि लय पक्की राहावी म्हणून हेडफोनमध्ये क्लिक. आत्यानं दोन मिनिटांत हेडफोन काढून हातात घेतला आणि म्हणाली, "आरं, ह्ये कानात टकटक कोन करतंय?" दोन तासांत जेमतेम चार ओव्या झाल्या आणि त्या ऐकायला अशा की पोरं शाळेत उभं राहून कविता म्हणतात ना, तशा. शब्द सगळे बरोबर पण गाणं कुठंच नाही. इंजिनियर बिचारा चांगला होता, त्याची काही चूक नव्हती, त्यानं जे रोज करतो तेच केलं.

परत येताना काय झालं, लोणंद सोडलं आणि मागच्या सीटवर तिघींनी आपापलं सुरू केलं ते थेट दहिवडीपर्यंत. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं उचलायची, मधेच हसायचं, "ही न्हवं, ती भावाची म्हन" म्हणायचं. मी गाडी चालवत होतो. रेकॉर्डर डिकीत होता.

तेव्हा डोक्यात शिरलं की गाणं उचलून रेकॉर्डिंगकडं नेलं की ते वाटेत सांडतं, रेकॉर्डिंगनंच गाण्याकडं जायला पाहिजे. आणि नंतर वाचायला लागलो तर कळलं की सुरुवातीच्या काळातली रेकॉर्डिंगं अशीच झालीत, कंपन्या मशीन घेऊन गावोगाव फिरायच्या.

जुने लोक कसं करायचे

हे थोडं सांगतो कारण त्यातलं तंत्र आजही जसंच्या तसं चालतं.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात आला आणि हॉटेलात मशीन मांडून त्यानं गायिका गौहर जान यांना रेकॉर्ड केलं. तेव्हा माइक नव्हताच. एक मोठा कर्णा, त्याच्या तोंडाशी गायचं, आवाजाच्या धक्क्यानं सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरणार. तीन मिनिटांच्या आसपास वेळ, चुकलं तर तबकडी फुकट. मग आवाजांचा तोल कसा सांभाळायचा? माणसं पुढंमागं बसवून. ज्याचा आवाज मोठा तो लांब, ज्याचा बारीक तो कर्ण्यापाशी. मिक्सिंग म्हणजे सतरंजीवर कोण कुठं बसलंय, एवढंच.

इलेक्ट्रिक माइक १९२५ पासून वापरात आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२७ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, अमेरिकेत ब्रिस्टल नावाच्या गावात राल्फ पीअर नावाच्या माणसानं टोप्यांच्या कंपनीची रिकामी इमारत घेतली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या-ब्लँकेटं टांगली आणि आसपासच्या डोंगरातल्या लोकांना गायला बोलावलं. कार्टर फॅमिली म्हणून पुढं जे प्रचंड गाजले ते तिथंच पहिल्यांदा रेकॉर्ड झाले. नवरा, बायको आणि बायकोची चुलत बहीण, ती तर पोटुशी होती, कच्च्या रस्त्यानं गाडीतून आले आणि दोन दिवसांत सहा गाणी देऊन गेले. अमेरिकेतल्या लोकसंगीताच्या सुरुवातीच्या काळातल्या गाजलेल्या रेकॉर्डी ह्या, आणि सामान काय तर गोधड्या! मी हे वाचलं आणि उठून माळ्यावर बघितलं, आमच्याकडं अकरा निघाल्या.

आणि आपल्याकडचं सांगायचं तर हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं जे काम केलं ते बघाच. एक लाखाच्या वर ओव्या, महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतल्या बायकांकडनं. पुढं बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या बऱ्याच बायकांना रेकॉर्ड केलं, तेही त्यांच्या त्यांच्या गावात जाऊन. आता ते पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतं. अल्बम करायच्या आधी आठवडाभर नुसतं ते ऐका, कारण एकाच ओवीचे तालुक्यागणिक किती गळे असतात ते तिथं कळतं. गळा म्हणजे चाल, आमच्याकडच्या बायका चाल म्हणत नाहीत, गळाच म्हणतात.

सामान

यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि हेच सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे. हातात मावणारा एक स्टिरिओ रेकॉर्डर, झूम किंवा टॅसकॅमचा, जुना मिळाला तरी चालेल, भाड्यानंही मिळतो. एक छोटा स्टँड, वाऱ्यासाठी फरची टोपी, सेल दुप्पट आणि कार्ड दोन. सेटिंग डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी फाइल), २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. एमपीथ्रीवर रेकॉर्ड करू नका, ते नंतर बनवता येतं. या सेटिंगला तासाला साधारण एक जीबी जागा लागते म्हणजे ३२ जीबीचं कार्ड घेतलं तर पूर्ण अल्बम दोनदा करूनही उरेल. ऑटो लेव्हल बंद करा. हे ऑटो प्रकरण काय करतं तर बाई गाताना थांबली की मशीनला वाटतं आवाज कमी झाला, मग ते स्वतःहून वाढवतं आणि लांबचं कुत्रं एकदम मांडीवर येऊन बसतं. लेव्हल हातानं लावायची, सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास गेला पाहिजे, वर रिकामी जागा राहू दे, कारण बायका रंगात आल्या की पहिल्या ओवीपेक्षा दहावी ओवी बरीच मोठ्यानं येते.

फोनवर करावं का? ओळखीसाठी, शब्द टिपून घ्यायला करा. अल्बमला नको.

खोली आणि जातं

खोली मातीची मिळाली तर सोनं. शेणानं सारवलेली जमीन, मातीच्या भिंती, वर माळवद, आवाज आपोआप मऊ येतो. आमच्या नव्या घरात फरशी आणि वर स्लॅब, टाळी वाजवली की टण्ण करून परत यायची. मग जुन्या घराची मागची खोली झाडून काढली, त्यात दोन पोती खत आणि एक मोडका पाळणा होता. समोरासमोरच्या दोन भिंतींना दोरी बांधून दोन-दोन गोधड्या टांगल्या. चारच. सगळीकडं टांगल्या तर खोली मेल्यासारखी होते, थोडी भिंत उघडी पाहिजे. टाळी वाजवून बघायची, टण्ण गेलं की बास.

आता जातं. खरं तर नुसतं बसूनही ओव्या म्हणता येतात आणि बरेच लोक तसंच करतात, पण फरक जमीनअस्मानाचा आहे. जातं ओढताना श्वास कुठं घ्यायचा हे हात ठरवतो, ओवीची ओळ खुंट्याच्या फेऱ्यावर मोडते, आणि दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात तेव्हा त्यांचा सूर पण आपोआप एक होतो. आत्याचं म्हणणं, "जात्याबगर तोंडातनं निघतच न्हाई, आठवतच न्हाई फुडचं." हे तिनं स्टुडिओत जायच्या आधीही सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही.

आमचं जातं वीस वर्षं बंद होतं, लग्नात घाण्याला तेवढं हळद दळायला बाहेर यायचं. त्याला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीनं दगडाला परत खाचा पाडून घेतल्या. इथं एक गंमत कळली जी कुठल्याही व्हिडिओत कोणी सांगत नाही: टाकी नवीन असली की जातं फार खरखरतं, पहिल्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग त्या खरखरीनं वाया गेलं. दोन-तीन पायल्या दळून झाल्यावर दगड शांत झाला. म्हणजे टाकी लावून आठवडाभर रोज थोडं दळा आणि मग रेकॉर्डर काढा. दुसरं, रिकामं जातं कधी फिरवायचं नाही, दगडावर दगड घासला की आवाजही वाईट येतो, दगडही खराब होतो आणि बायका ओरडतात ते वेगळंच. ज्वारी घाला. आम्ही हरभऱ्याची डाळ करून बघितली, फाडफाड फुटते, गाण्याच्या वर जातो आवाज. ज्वारीचा आवाज कसा तर लांबून पाऊस येतोय असा, तो गाण्याखाली बसतो. आणि एक जण मूठमूठ वैरत राहिली पाहिजे नाहीतर मधेच आवाज बदलतो.

माइक कुठं? स्टँड जमिनीवर ठेवला की जात्याची घरघर जमिनीतनं स्टँडमध्ये आणि स्टँडमधनं रेकॉर्डरमध्ये, गाण्यापेक्षा तीच जास्त. चौघडी करून गोधडी स्टँडखाली घाला, ती घरघर निम्म्यावर येते. रेकॉर्डर दळणाऱ्या दोघींच्या तोंडाच्या थोडा वर, दोघींपासून साधारण तीन फुटांवर, तोंड त्यांच्या तोंडाकडं आणि पाठ जात्याकडं. बाकीच्या चौघी मागं अर्धगोलात. जिचा आवाज खणखणीत ती सगळ्यात मागं, आमच्यात ती धाकटी चुलती, तिला मागं बसवलं तर थोडी रुसली, मग तिला सांगितलं की काकी, तुमचा आवाज एवढा आहे की पुढं बसवलं तर मशीन फाटेल, तेव्हा खूश. वरच्या आळीतल्या आजी अगदी पुढं, कारण त्यांचा आवाज आता वाऱ्यासारखा झालाय पण ओव्या सगळ्यात जास्त त्यांनाच येतात.

हेडफोन फक्त तुम्ही घालायचा, त्यांनी नाही. एक कच्चं रेकॉर्ड करा, ऐका, कोणाला वीतभर पुढं, कोणाला हातभर मागं, परत ऐका. तीन-चार वेळा केलं की तोल सापडतो. रेकॉर्डरवर लो कट नावाचं बटण असतं ते इथं बंद ठेवा, जात्याचा खालचा सूर त्याच्यात कापला जातो.

गाणं ओव्यांचं नसेल, वाद्यं असतील, तरी तत्त्व हेच. तुणतुणं पुढं, झांज आणि टाळ सगळ्यात मागं आणि थोडं तोंड फिरवून कारण ते कानात घुसतात. संबळ कमीत कमी सहा-सात फूट लांब. ढोलकी गाणाऱ्याच्या बाजूला, धुमाची, म्हणजे खर्जाची बाजू माइककडं नको. हलगी आणि दिमडीवाल्यांना विस्तव लागतो, कातडं शेकल्याशिवाय वाजत नाही आणि दर दोन गाण्यांनी परत उतरतं, त्यामुळं शेकोटी खोलीबाहेर पण जवळ ठेवा. पावसाळ्यात हलगीचं रेकॉर्डिंग ठरवू नका, अर्धा दिवस शेकण्यातच जातो.

वेळ

शांतता कधी मिळते ते आपल्या घरी बसून कळत नाही, रेकॉर्डर लावून दिवसभर ऐकावं लागतं. आमच्याकडं पहाटे काकड्याचा भोंगा, मग कोंबडे, मग दुधाची गाडी, नऊला शाळेची घंटा, आणि दहापासून पिठाची गिरणी. म्हणजे बघा, ज्या गिरणीनं जातं बंद पाडलं तीच गिरणी जात्याच्या गाण्यात मागं फुकफुक करत होती! मी गिरणीवाल्याला सांगायला निघालो होतो की दोन तास बंद ठेवा, तर आत्या म्हणाली कशाला, बुधवारी लाइट नसती. खरंच की. आमच्या फीडरला बुधवारी देखभालीसाठी लाइट जाते. गिरणी बंद, मोटारी बंद, फॅन-फ्रिज बंद, टीव्ही बंद, लोकांचे फोन पण अर्धे मेलेले. अल्बममधलं पाऊण रेकॉर्डिंग तीन बुधवारी झालंय. लोडशेडिंगला शिव्या देताना हे लक्षात ठेवा.

हंगाम पण बघा. ज्वारी काढून झाली आणि लग्नसराई सुरू व्हायची आहे असा पंधरवडा आम्ही धरला. खुरपणीच्या दिवसांत बोलावलं तर त्यांचा रोज बुडतो. आणि तसंही रोजाचे पैसे द्या, गावात त्या वेळी जो दर चालू असेल त्याच्यापेक्षा वरच, रेकॉर्डिंगच्या दिवशीच, संध्याकाळी हातात. "अल्बमचे आले की देऊ" म्हणू नका. अल्बमचे येत नाहीत. आम्हाला स्ट्रीमिंगचे आत्तापर्यंत जे आलेत त्यात सहा जणींचा एकदा चहा-भजी झाली असती.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

पहिला अर्धा तास नुसतं दळू द्या, गप्पा मारू द्या, मशीन चालूच ठेवा पण त्यावर बोट रोखून बसू नका. लाल दिवा दिसत असेल तर काळी चिकटपट्टी लावा. माझ्याकडनं "चालू करा" असा शब्द गेला की सगळ्या सावध व्हायच्या, मग मी ते बोलणंच सोडलं.

एका गळ्यावर जेवढं होईल तेवढं सलग होऊ द्या. तीन-चार मिनिटांत आवरा म्हणू नका. तीन मिनिटांचं गाणं ही त्या जुन्या तबकडीची अडचण होती, तबकडी संपायची म्हणून गाणं संपायचं. तुमच्याकडं ३२ जीबी आहेत. ओवीला शेवट नसतो, दळण संपलं की ती संपते. आमचा सगळ्यात लांब ट्रॅक १४ मिनिटांचा आहे, पंढरीच्या ओव्यांचा, आणि लोकांना तोच आवडतो.

एक गळा जास्तीत जास्त दोनदा घ्या. तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं की त्या "नीट" म्हणायला लागतात आणि तिथंच संपलं. चुकलं, खोकला आला, बांगडी खुंट्याला लागली, राहू द्या. हां, शब्द चुकला असं त्यांनाच वाटलं तर मात्र परत घ्या, आपल्याला वाटून उपयोग नाही.

प्रत्येक वेळेनंतर गाणारीनं आपलं नाव, गाव आणि हे कशाचं गाणं ते मशीनमध्ये बोलायचं. हे मी गौहर जानकडनं उचललं. त्यांच्या तबकडीत गाणं संपताना त्या स्वतःच इंग्रजीत म्हणतात, माय नेम इज गौहर जान. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळावं म्हणून. तुमचा हॅनोव्हर म्हणजे सहा महिन्यांनी लॅपटॉपसमोर बसलेले तुम्ही. झूम झिरो झिरो चार नावाच्या फाइलमध्ये कोण आहे ते तेव्हा अजिबात आठवत नाही. आम्ही ही नावं अल्बममध्येही ठेवली, आजींनी नाव सांगितलं, मग गाव सांगितलं आणि मग थांबून माहेरचं गाव पण सांगितलं, ते कसं कापणार.

शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. दोन तुकडे जोडताना मधे तो लागतो. सहा बायकांना एक मिनिट गप्प बसवणं हे या सगळ्यात अवघड काम आहे हे आत्ताच सांगून ठेवतो, आम्हाला चौथ्या प्रयत्नात जमलं.

गाणं कोणाचं

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या ओव्या, जुन्या संतांचे अभंग, गोंधळातली जुनी पदं, यांच्यावर आज कोणाचा कॉपीराइट नाही. पण गावात "जुनंच हाय" म्हणून जे म्हणतात ते सगळं जुनं नसतं. आपल्या कायद्यात कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, ते वर्ष संपल्यापासून मोजायचं. अण्णाभाऊ साठे १९६९ साली गेले म्हणजे २०२९ च्या अखेरपर्यंत. तुकडोजी महाराज १९६८, म्हणजे २०२८ च्या अखेरपर्यंत. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, त्यांची गाणी तर गावोगाव लोकगीतं म्हणूनच गातात, ती २०६४ पर्यंत. गाऊ नका असं नाही, पण अल्बममध्ये घ्यायचं तर परवानगी घ्या आणि कवीचं नाव लिहा, "पारंपरिक" लिहून मोकळे होऊ नका. भजनी मंडळाचं रेकॉर्ड करत असाल तर चाल पण विचारा, अभंग तुकोबांचा आणि चाल हिंदी सिनेमाची असं सर्रास असतं, तिथं चालीचा हक्क बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडं असतो. अशी गाणी आम्ही सरळ गाळली.

आणि गाणाऱ्यांचा हक्क वेगळा असतो. कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क आहे, त्यामुळं त्यांची संमती लेखी पाहिजे. मराठीत, एका पानात, मोठ्या अक्षरात: रेकॉर्डिंग कशासाठी, कुठं कुठं जाणार, पैसे आले तर कसे वाटणार, आणि नको वाटलं तर काढायला कोणाला सांगायचं. सही घ्यायच्या आधी मोठ्यानं वाचून दाखवा आणि ते वाचन पण रेकॉर्ड करा. आमच्या एका काकूंनी तेव्हाच सांगितलं की सासूवरच्या दोन ओव्या इंटरनेटवर नको, सून फोनवर ऐकंल. सून त्यांचीच. काढल्या.

क्रेडिटमध्ये स्वतःचं नाव कुठं टाकायचं याचाही विचार करा. मघाशी कार्टर फॅमिली सांगितली ना, त्यातले ए. पी. कार्टर डोंगरांत फिरून लोकांकडनं गाणी गोळा करायचे, सोबत लेस्ली रिडल नावाचे कृष्णवर्णीय गिटारवादक असायचे, कार्टर शब्द लिहून घ्यायचे आणि चाल रिडल डोक्यात ठेवायचे. गाणी लागली कार्टर यांच्या नावावर, रिडलना कितीतरी वर्षं कोणी ओळखत नव्हतं. तुम्ही रेकॉर्ड केलं तर "ध्वनिमुद्रण आणि संकलन" एवढंच तुमचं. कलाकार म्हणून त्या सहा जणी. डिस्ट्रिब्युटरच्या (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) फॉर्ममध्ये एकच नाव भरून चालतं पण प्रत्येकीचं भरता येतं, थोडं टायपिंग जास्त.

एडिटिंग

ऑडॅसिटी फुकट आहे, पुरेसं आहे. करायचं काय तर पुढचं-मागचं कापा, मधे कोणी पाणी मागितलं असेल ते हवं तर काढा, आवाज सगळ्या ट्रॅकवर सारखा करा, संपलं. स्ट्रीमिंगवाले आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) आसपास आणून ठेवतात, त्याच्यापेक्षा खूप मोठं करून काही फायदा नाही.

नॉइज रिमूव्हल लावू नका. एका मित्राला फाइल दिली, म्हटलं जरा साफ कर, त्यानं प्रेमानं दोन रात्री बसून साफ केली. जातं गायब! सॉफ्टवेअरला वाटलं सलग घरघर म्हणजे कचरा. आणि जात्याबरोबर बायकांच्या आवाजातली पण धार गेली, विहिरीत बसून गातायत असं वाटत होतं. रिव्हर्ब, म्हणजे वरनं घातलेला घुमारा, नको, मागं बासरी आणि कीबोर्डचा तंबोरा तर अजिबात नको. पुतण्यानं एका ट्रॅकला बीट टाकून दाखवली, भारी झाली होती, खोटं कशाला बोलू, पण जातं आपल्या चालीनं कमीजास्त होतं आणि बीट होत नाही, तिसऱ्या ओवीला दोघं वेगळ्या रस्त्यानं निघून गेले.

शब्द उतरवून काढा, सगळ्या ओव्यांचे. म्हणणारी "पानी" म्हणाली तर "पानी"च लिहा. उतरवताना मला जे शब्द कळले नाहीत ते मी अंदाजानं भरले होते, आत्याला वाचून दाखवलं तर ती हसून हसून आडवी. वाचून दाखवाच.

ट्रॅकना नावं काय द्यायची हा घोळ होतो कारण ओव्यांना शीर्षक नसतं. आम्ही विषयावरनं दिली, भावाच्या, पंढरीच्या, सीतेच्या, लेकीच्या, आणि प्रत्येकीच्या पुढं म्हणणारीचं नाव. क्रम पण त्यांनीच लावला, मी लावलेला क्रम ऐकून आजी म्हणाल्या, "देवाच्या आदी भावाचं कसं आलं?"

बाहेर काढणं

डिस्ट्रिब्युटरकडं डब्ल्यूएव्ही फाइल, तीन हजार बाय तीन हजार पिक्सेलचं कव्हर, प्रत्येक ट्रॅकचा आयएसआरसी नंबर (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक), तो बहुतेक तेच देतात. तारीख ठरवायची तर किमान तीन आठवडे आधी चढवा. यूट्यूब कंटेंट आयडी (तुमच्या गाण्याशी जुळणारे दुसऱ्यांचे व्हिडिओ आपोआप पकडणारी सोय) घेऊ का असं विचारतात, पारंपरिक गाण्यांना नाही म्हणा, नाहीतर तुमच्या अल्बममुळं दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्यातरी आजीच्या व्हिडिओवर क्लेम जायचा. एक कॉपी इंटरनेट आर्काइव्हवर टाका, फुकट आहे. मूळ फाइली तीन ठिकाणी ठेवा, त्यातलं एक ठिकाण गावात असू द्या.

आणि गावासाठी पेनड्राइव्ह. आमच्या गावात स्पॉटिफाय कोणी उघडत नाही, गाणी ट्रॅक्टरवर वाजतात. एमपीथ्री करा, ३२० केबीपीएसवर, फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि पुढं ०१, ०२ असे आकडे, कारण ट्रॅक्टरच्या टेपला मराठी अक्षरं कळत नाहीत, नुसते चौकोन दाखवतो, आणि आकडे नसतील तर क्रम पण त्याच्या मनानं लावतो. आम्ही पंधरा पेनड्राइव्ह वाटले. १४ मिनिटांचा ट्रॅक काही जुन्या टेपवर मधेच अडकतो म्हणून त्याचे दोन तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये दिले. हे आधी केलं नव्हतं, आणि धाकट्या चुलतीची एन्ट्री नेमकी अकराव्या मिनिटाला आहे, त्यामुळं ते मला फोनवर चांगलंच ऐकावं लागलं.